लांबचे जवळ आणताना

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली, त्याला डोंगरच पाहायचा होता हे त्याचे भाग्य. डोंगर दूर असला तरी मोठा असतो आणि मुख्य म्हणजे तो बसल्या जागेवरून हलत नाही. त्याच गृहस्थाला उजनीच्या पाण्यात दोनशे मीटर आत उभा असलेला रोहित पक्षी पाहायचा असता, तर म्हण निराळी झाली असती. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. चांगला चार फूट उंच, गुलाबी पायांचा आणि पंख उघडले की आतून ज्वाळेसारखा, म्हणून काही जण त्याला अग्निपंखही म्हणतात. पण दोनशे मीटरांवरून हे सारे वैभव नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या काडीएवढे दिसते, आणि मोबाईलवर टिपले तर पाण्यावर चिमूटभर मीठ सांडल्यासारखे.

आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी भीमेच्या काठच्या गावांतून येतात. त्यांना हे मीठ परिचयाचे आहे. हिवाळा आला की भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. त्यांतून उतरणाऱ्या मंडळींच्या गळ्यात हातभर लांबीची भिंगे असतात. आपण काठावर उभे राहून त्यांच्याकडे पाहतो आणि ते पक्ष्यांकडे पाहतात. पक्षी आपल्या गावचे आणि फोटो मात्र पाहुण्यांचे, ही गोष्ट माझ्या मनाला बरेच दिवस टोचत होती. मी असा कॅमेरा घ्यायचे ठरवले, जो लांबचे जवळ आणील आणि आमच्या घराला परवडेलही. ही दोन विशेषणे एका वाक्यात बसवायला मला जवळजवळ आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत जे कळले ते इथे लिहीत आहे. कथा-कवितांच्या शेजारी असला व्यवहारी लेख शोभेल की नाही, ते संपादक मंडळाने पाहावे.

पैशाचे आधी सांगते, कारण आमच्यासारख्यांच्या घरी कुठलीही कला पैशापासूनच सुरू होते. ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करून माझ्याजवळ ६,००० रुपये साठले होते. २०२३ च्या दिवाळीत दुधाचा बोनस आला, त्यातले ८,००० आईने देऊ केले. तिच्या मनात त्या पैशांचे दुसरे काम होते. गोठ्याच्या पत्र्याला दोन पावसाळ्यांपासून गळती होती. पैसे हातावर ठेवताना ती रागावली नाही, उपदेशही केला नाही. तिने एवढेच विचारले, “एवढं पैसं घालून दिसंल तरी काय?”

मला हा प्रश्न कॅमेऱ्यांवरच्या साऱ्या जाहिरातींपेक्षा शहाणा वाटला. कारण जाहिराती सांगतात तो आकडा निराळाच असतो. खोक्यावर ठळक अक्षरांत पन्नासपट, साठपट, त्र्याऐंशीपट असे लिहिलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, साठपट म्हणजे पन्नासपटीपेक्षा अधिक लांबचे दिसणार. पण हा ‘पट’ म्हणजे केवळ भागाकार आहे. भिंगाचे सर्वांत लांबचे टोक भागिले सर्वांत रुंद टोक. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स५० हा कॅमेरा २०१२ साली आला. त्याचे भिंग २४ पासून १२०० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणून तो पन्नासपट. पॅनासॉनिकचा २०१७ सालचा एफझेड८२ हा २० पासून १२०० पर्यंत जातो, म्हणून तो साठपट. लांब टोक दोघांचेही तेच, १२००. दुसऱ्याची सुरुवात अलीकडून झाली इतकेच. एखादा वाखरीहून पंढरपूरला चालत गेला आणि दुसरा भंडीशेगावहून, तर दोघेही पोहोचले पंढरपूरलाच.

तेव्हा पहिला धडा असा की ‘पट’ विसरावा आणि लांब टोकाचा आकडा विचारावा. हे मिलिमीटरही जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात बदलून सांगितलेले असतात. शाळेत भिंगाच्या धड्यात आपण नाभीय अंतर शिकलो होतो, त्याचीच ही व्यवहारातली बोली. त्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असते. एवढे कळले की पुढचे गणित सातवीतले आहे. पक्षी जितके मीटर दूर असेल, त्याला ३६ ने गुणावे आणि लांब टोकाच्या आकड्याने भागावे. येईल ते उत्तर म्हणजे फोटोत डावीकडून उजवीकडे किती मीटर रुंदी मावेल ते.

हे गणित मी वहीत मांडले. पक्षी दोनशे मीटरांवर आणि भिंग ४०० चे, तर चौकटीत अठरा मीटर रुंदी येते आणि बारा मीटर उंची. त्यात सव्वा मीटरचा रोहित म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख. ६०० चे भिंग असेल तर बारा मीटर बाय आठ मीटर. १२०० चे असेल तर सहा बाय चार, म्हणजे रोहित उभ्या चौकटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो. २००० चे असेल तर निम्म्याहून अधिक. आईच्या ‘दिसंल काय’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर असे वहीच्या एका पानावर मिळाले, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

यानंतर मी तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका काकांकडे गेले. ते म्हणाले, “बाळ, छोटा कॅमेरा घेऊ नकोस. आमच्यासारखा डीएसएलआर घे, जुना मिळेल.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी जो सेन्सर असतो, तो त्यांच्या कॅमेऱ्यात सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरचा होता. ज्याला ‘ब्रिज कॅमेरा’ म्हणतात, त्या एकाच भिंगाच्या लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्यात तो जेमतेम ६ बाय साडेचार मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळ काढले तर बारापट फरक. प्रकाश हा पावसासारखा आहे असे धरले, तर एकाने अंगणात परात ठेवली आहे आणि दुसऱ्याने वाटी. भर पावसात दोन्ही भरतात, पण रिमझिम असली की वाटीच्या तळाशी चार थेंब जमतात. संध्याकाळी, ढगाळ हवेत, झाडाच्या सावलीत छोट्या सेन्सरचा फोटो दाणेदार होतो तो यामुळेच.

पण वाटीचा एक गुण आहे. सेन्सर छोटा असल्यामुळे भिंगही छोटे चालते. एसएक्स५० मध्ये १२०० चा परिणाम देणारे भिंग प्रत्यक्षात २१५ मिलिमीटरचेच आहे, आणि सारा कॅमेरा सहाशे ग्रॅमच्या आत बसतो. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला तेवढा पल्ला द्यायचा तर भिंगाची किंमत लाखांत जाते आणि ते खांद्यावर पोत्यासारखे वाहावे लागते. काकांच्या कॅमेऱ्याला परवडणारे भिंग होते ५५ ते २५० चे. त्यांच्या सेन्सरच्या हिशेबाने २५० ला १.६ ने गुणले की ४०० येतात. म्हणजे पुन्हा अठरा मीटरांची चौकट आणि कॅलेंडरातली तारीख. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “उडता पक्षी पकडायचा असेल तर माझे ऐक. उभा पक्षी पकडायचा असेल तर तुझे बरोबर.”

इतका नेमका निकाल मी दुसरीकडे कुठे वाचला नाही. डीएसएलआर चटकन नेम धरतो, उडत्या घारीचा पंख स्वच्छ टिपतो आणि कमी उजेडातही तग धरतो. ब्रिज कॅमेरा नेम धरायला क्षणभर घुटमळतो, पण उभ्या पक्ष्यापर्यंत पोहोचतो. रोहित पक्षी चोच उलटी करून, मान खाली घालून तासन्‌तास चिखल गाळत उभा असतो. घुटमळणाऱ्या कॅमेऱ्याला त्याच्याइतका समजूतदार विषय नाही.

आता ब्रिज कॅमेऱ्यांतही वरात मोठी होती. निकॉनचा पी९०० हा २०१५ साली आला, २००० मिलिमीटरपर्यंत जाणारा. चंद्राचे खड्डे दाखवून त्याने जगभर नाव काढले. त्याचा थोरला भाऊ पी१००० हा २०१८ साली ३००० पर्यंत गेला, पण वजनाने जवळजवळ दीड किलो भरला. दोघेही मनात भरले, पाकिटात बसले नाहीत. पॅनासॉनिकचा एफझेड२००, २०१२ सालचा, ६०० पर्यंतच जातो, पण त्याचे छिद्र शेवटपर्यंत एफ २.८ इतके उघडे राहते. एसएक्स५० चे लांब टोकाला एफ ६.५ होते. या आकड्यांचा वर्ग करून भागाकार केला तर पहिल्यातून पाचपटीहून अधिक प्रकाश येतो. कोयनेच्या किंवा ताडोबाच्या झाडीत, जिथे पक्षी जवळ असतो आणि ऊन पानांतून गाळून येते, तिथे मी डोळे मिटून एफझेड२०० घेतला असता. उजनीचे पाणी उघडे आहे, तिथे उजेडाची चणचण नाही आणि अंतराची मात्र आहे. म्हणून माझे पारडे १२०० कडे झुकले. सांगायचे ते हे की ‘चांगला कॅमेरा कोणता’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘कुठे, केव्हा आणि कशासाठी’ हे तीन शब्द जोडले की उत्तर आपोआप पुढे येते.

एक मोह मात्र आवर्जून टाळला. स्वस्त आणि लांब पल्ल्याच्या काही कॅमेऱ्यांना डोळा लावून पाहण्याची खिडकीच नसते, फक्त मागचा पडदा असतो. २०१६ सालचे कॅननचा एसएक्स५४० आणि निकॉनचा बी५०० हे त्या पंक्तीतले. बी५०० तर साध्या पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे आमच्या गावच्या किराणा दुकानातही त्याचे अन्न मिळेल. तरी मी तो घेतला नाही. काठावर सकाळचे ऊन तोंडावर येते, तेव्हा पडद्यावर पक्ष्याऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो. शिवाय पडदा पाहायचा म्हणजे कॅमेरा दोन हात पुढे धरायचा, आणि १२०० ला हात तसूभर हलला तरी पक्षी चौकटीबाहेर जातो. खिडकीला डोळा लावला की कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरे बरगडीला टेकतात आणि अंगाचीच तिकटी तयार होते. एसएक्स५० ची खिडकी बारीक आणि धूसर आहे हे खरे. पण बारीक खिडकी असलेले घर बिनखिडकीच्या घरापेक्षा बरे.

मोबाईलविषयी मित्रमैत्रिणी हटकून विचारतात. २०२० साली आलेल्या सॅमसंगच्या एस२० अल्ट्रावर शंभरपट झूम लिहिलेला होता, आणि तेव्हापासून ‘आता कॅमेरा कशाला’ हा वाद संपलेला नाही. त्या शंभरातला मोठा भाग भिंगाचा नसतो. टिपलेल्या चित्राचा लहानसा तुकडा कापून तो ताणलेला असतो आणि उरलेले मोबाईल आपल्या अंदाजाने भरतो. पिठले वाढवण्यासाठी पाणी घातले तर पातेले भरते, पण बेसन तेवढेच राहते. ब्रिज कॅमेऱ्यातही ‘डिजिटल झूम’ नावाचे असेच पाणी असते. मी पहिल्याच दिवशी ते बंद करून टाकले.

एसएक्स५० चे उत्पादन थांबले असल्याने तो जुनाच मिळणार होता. वर्षभर कुणाच्या तरी कपाटात पडून राहिलेला एक बारामतीच्या एका दुकानात मिळाला. दुकानदाराने १२,५०० सांगितले. घेण्यापूर्वी मी काकांनी शिकवलेल्या पाच परीक्षा घेतल्या. पहिली, झूम दहा वेळा पूर्ण आत-बाहेर करून आवाज ऐकायचा. खरखर किंवा अडखळ आली तर नमस्कार करून निघायचे. दुसरी, भिंगावर तिरकी बॅटरी मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते पाहायचे. दमट हवेत बंद पिशवीत ठेवलेल्या भिंगाला ती लागते आणि मग जात नाही. तिसरी, छिद्र बारीक करून कोऱ्या आकाशाचा फोटो घ्यायचा, म्हणजे सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी उघडी पडते. चौथी, लांब टोकाला जाऊन दूरची पाटी टिपायची आणि तिच्या चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचायची. दुकानासमोर लांब पाण्याची टाकी होती, तिच्यावरची बारीक अक्षरे मी मोठ्याने वाचून दाखवली. पाचवी, बॅटरीचे झाकण आणि कार्डाची खाच हाताळून पाहायची, कारण मोठी दुखणी बहुधा लहान बिजागरीपासून सुरू होतात. सौदा ११,५०० ला ठरला. उरलेल्या २,५०० त दुसरी बॅटरी, कार्ड आणि पिशवी आली. चौदा हजार बरोबर चौदा हजारांतच संपले.

यानंतर हवेचे शिक्षण सुरू झाले. भिंगाची किंमत दुकानदार सांगतो, पण हवेची अट कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. सकाळी नऊ-दहानंतर काठचा चिखल तापतो आणि त्यावरची हवा थरथरू लागते. आपण जिला झळा म्हणतो तीच ही. १२०० च्या भिंगातून पक्षी मोठा दिसतो तशी त्याच्या आणि आपल्या मधली झळही मोठी दिसते. उन्हाच्या वेळी रोहिताचे पाय पाण्यात नागिणीसारखे वळवळताना दिसतात, आणि त्या वेळी दोन लाखांचे भिंगही तेवढेच हतबल असते. गरीब-श्रीमंत छायाचित्रकारांना समान वागवणारी ही एकमेव गोष्ट मला आढळली. उपाय एकच, पहाटे उठणे, आणि तो फुकट आहे. दुसरा उपाय आधाराचा. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात दोन किलो मका भरला आणि ती बांधावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल अशी सोय लावली, म्हणजे बोटाचा धक्काही चित्रात उतरत नाही. पाहुण्यांच्या तिकटीपुढे माझी मक्याची पिशवी गावंढळ दिसते, पण भूक लागली तर तिकटी भाजून खाता येत नाही.

लांबून पाहण्याची आणखी एक बाजू आहे, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांच्या आत्मचरित्रात त्यांच्या लहानपणची हकिगत आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे पक्ष्यांशी आयुष्यभराचे नाते जुळले. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे बहुधा तो हातात घ्यावा लागे, आणि हातात घ्यायचा म्हणजे मारावा लागे. इंग्रजीत अजूनही बंदूक झाडण्याला आणि फोटो घेण्याला एकच ‘शूट’ हा शब्द आहे. आज चित्र पालटले आहे. मंगोलियात संशोधकांनी गळ्यात खुणेची पट्टी घातलेले पट्टकादंब भारतात दिसले आहेत. हा बदक-हंसांच्या कुळातला, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पक्षी हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. लांब पल्ल्याच्या भिंगातून ती पट्टी वाचता येते आणि इतक्या दूरच्या प्रवासाची नोंद होते. पक्ष्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

ज्याच्याजवळ पल्ला नाही तो पक्ष्याच्या जवळ जातो. होडी पुढे, आणखी पुढे घ्यायला लावतो, आणि मग थवा उठतो. थवा उठला की फोटो सुंदर येतो, हे मी नाकारत नाही. पण दिवसभरात दहा होड्यांनी दहा वेळा उठवलेल्या पक्ष्याने खायचे केव्हा? मला १२०० चे भिंग मिळाले, तेव्हा काठावरच बसून राहण्याचा हक्क मिळाला असे मला वाटले. परवडणारा कॅमेरा शोधताना आपण स्वतःच्या खिशाचा विचार करतो. त्याच हिशेबात पक्ष्याला काय परवडते तेही मांडायला हवे.

आता आजीविषयी. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याखाली भीमाकाठची कितीतरी गावे गेली. जुने पळसदेव त्यांतलेच. माझी आजी लग्न होऊन त्या जुन्या गावात आली होती. गावाचे पळसनाथाचे देऊळ अजून पाण्यात उभे आहे. पाणी फार उतरले की त्याचे शिखर वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण खोल गेले आणि शिखर दिसू लागल्याची बातमी आमच्या घरी आली. हौशी मंडळी होडीने देवळाकडे जात होती. आजीचे गुडघे होडीत चढण्याजोगे राहिलेले नाहीत. मी म्हटले, “आजी, तू काठावर बस, देऊळ मी इकडे आणते.”

आम्ही पहाटेच गेलो, आई, आजी आणि मी. देऊळ काठापासून माझ्या अंदाजाने चारशे मीटर असेल. मक्याची पिशवी मांडली, कॅमेरा टेकवला, बाजूला वळणारा पडदा आजीकडे फिरवला आणि १२०० पर्यंत गेले. आतले दगड, त्यांच्या फटीतले सुकलेले शेवाळ, शिखरावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा, सारे स्पष्ट दिसले. आजीने हात जोडले. मग बराच वेळ पाहून म्हणाली, “शिखार दिसतंय. आन् आपलं घर?”

“कुठे होते ते?”

“हितनं डावीकडं, वडाच्या अंगाला.” तिने बोट दाखवले ते पडद्याच्या बाहेर, हवेत. “त्याला म्हणावं, जरा मागं सर.”

मी भिंग मागे घेतले. गणित सांगायचे तर १२०० ला चारशे मीटरांवर बारा मीटरांची चौकट होती आणि २४ ला ती सहाशे मीटरांची झाली. देऊळ तांदळाच्या दाण्याएवढे झाले आणि उरलेले सारे पाणी. त्या पाण्यावर आजी बोट ठेवत गेली. ही वेस, हा वड, ही चावडी, इथे विहीर, इथे आपला उंबरा. मी तो फोटो घेतला. तालुक्याला जाऊन तो वहीएवढ्या कागदावर छापून आणला आणि आजीने सांगितले तसे पेनाने त्याच्यावर नावे लिहिली. घरातल्या लोकांनी त्यात भर घातली, शेजारच्या म्हाताऱ्यांनी दोन विहिरींवरून भांडण केले, आणि आता त्या पाण्यावर सतरा नावे आहेत. रोहिताचे फोटो मी तीनशेवर काढले असतील. आमच्या भिंतीवर लागला तो पाण्याचा.

तेव्हापासून कुणी कॅमेऱ्याविषयी विचारले तर मी लांब टोकाबरोबर रुंद टोकही विचारायला सांगते. जवळ आणणारे भिंग आजूबाजूचे कापून टाकते. शिखर पाहायला पहिले लागते आणि शिखर कुठल्या गावाचे हे सांगायला दुसरे.

आईने त्या दिवशी कॅमेरा हातात घेतला तो सर्वांत शेवटी. खिडकीला डोळा लावून तिने पाणकावळा पाहिला, पलीकडचा करमाळ्याच्या बाजूचा काठ पाहिला, काठावर चरणाऱ्या परक्या म्हशी जरा अधिक वेळ पाहिल्या. म्हणाली, “आन् हे समदं आपल्या दुधात बसलं?” गोठ्याचा पत्रा यंदाच्या बोनसमधून बदलला. तोही चांगला आहे.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी डोंगरावरचा गड टिपू पाहत असेल, कुणी माळावरचा चंडोल, कुणी गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडावरचे चेहरे. आधी वही घ्या. किती मीटर, कोणत्या वेळचा उजेड, उभे की उडते, हे तीन रकाने भरा आणि मगच दुकानात शिरा. आणि घेण्यापूर्वी हाताळून पाहायचे असेल तर डिसेंबर ते मार्च दर रविवारी पहाटे सहाच्या एस.टी.ने मी काठावर जाते. कुणीही यावे. कॅमेरा डोळ्याला लावायला देईन, मात्र त्याचा पट्टा आधी गळ्यात घालायचा, आणि मक्याच्या पिशवीला हात लावायचा नाही.